पानवल, पनवेल नव्हे

शनिवारी रात्री अकराच्या सुमारास लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका भेटले. माझ्या पाठीवर कॅमेऱ्याची बॅग, हातात ट्रायपॉड, अंगात रेनकोट. काकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "कुठे दौरा?"

"पानवलला."

"एवढी तयारी? रिक्षाने गेलात तर वीस मिनिटं."

आम्ही राहतो सीबीडी बेलापूरला. हार्बर लोकलने खारघर, मानसरोवर, खांदेश्वर आणि मग पनवेल. पनवेलला जायला बेलापूरचा माणूस रेनकोट घालत नाही, फार तर चपला बदलतो. मी समजावून सांगितलं, "पनवेल नाही काका, पानवल. पा-न-वल. रत्नागिरीजवळ आहे. तिथे कोकण रेल्वेचा 64 मीटर उंच पूल आहे. त्याचे फोटो काढायचेत."

"पुलाचे?"

"पुलावरून गाडी जातानाचे."

लिफ्ट तळमजल्याला टेकली. काकांनी दार उघडून धरलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

आमच्या नवी मुंबईत फोटोग्राफरला मान नाही असं अजिबात नाही. फ्लेमिंगो आले की सीवूड्सच्या पाणथळीपाशी तोफेएवढ्या लेन्सा लागतात. एकटांगी उभ्या असलेल्या पक्ष्यासमोर माणूस तीन तास चिखलात बसला तर त्याला निसर्गप्रेमी म्हणतात, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. तोच माणूस तितकाच वेळ मालगाडीची वाट बघत बसला तर लोक त्याच्या बायकोकडे सहानुभूतीने बघतात. फ्लेमिंगो तरी वेळेवर येतात का? पण त्यांना कोणी विचारत नाही.

खरं तर या वेडाला बेलापूरइतकी योग्य जागा नाही. कोकण रेल्वेचं मुख्यालय आमच्याकडे आहे. बेलापूर भवन. 19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली, ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख. मधु दंडवत्यांनी आयुष्यभर लावून धरलेली आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना मार्गी लागलेली ही गाडी शेवटी 26 जानेवारी 1998 ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सलग धावू लागली. 741 किलोमीटर. नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. आणि हे सगळं जिथून चालतं त्या बेलापूरच्या स्टेशनात कोकण रेल्वेची एकही गाडी येत नाही. येणार कुठून? तिचे स्वतःचे रूळ रोह्याच्या पुढे सुरू होतात. समुद्र नसलेल्या गावात नौदलाची कचेरी असावी तसा हा प्रकार आहे, आणि यात आम्हा बेलापूरकरांना काही खटकत नाही. आमच्याकडे कोकण भवनही आहे आणि तिथेही कोकण दिसत नाही.

पण अभिमान आहे बरं का. 6 जून 2025 ला काश्मीरमधल्या चिनाब नदीवरच्या पुलाचं उद्घाटन झालं. नदीच्या पात्रापासून 359 मीटर उंच, जगातला सर्वांत उंच रेल्वेपूल. त्याच्या उभारणीची जबाबदारी कोकण रेल्वेकडे होती. त्या दिवशी मी ज्या टपरीवर चहा पितो तिथल्या मालकाने कटिंगचा ग्लास माझ्यापुढे जरा जोरातच ठेवला. "बघितलं का टीव्हीवर? इंजिनिअर लोक इथेच चहा प्यायचे." चिनाबचा पूल त्याच्या चहावर उभा आहे यावर त्याचा विश्वास आहे. त्याचा चहा प्यायलेल्या माणसाला हे अगदीच अशक्य वाटणार नाही, सिमेंटचे बरेच गुण त्यात आहेत.

त्या आठवड्यात प्रत्येक मोबाइलवर एकच वाक्य फिरत होतं, की हा पूल आयफेल टॉवरपेक्षा 35 मीटर उंच आहे. आपल्याकडे उंचीची दोनच मापं आहेत. देशातल्या देशात कुतुबमिनार आणि परदेशाशी सामना असेल तर आयफेल टॉवर. या हिशेबात आमचं पानवल बिचारं कुठेच बसत नाही. कुतुबमिनार साडेबहात्तर मीटर, पानवलचा पूल 64. थोडक्यात हुकलं. आणखी नऊ मीटर खोल दरी मिळाली असती तर आज शाळेच्या पुस्तकात धडा असता.

काकांची गोष्ट सांगायची राहिली. काका दोन वर्षांपूर्वी टूर कंपनीबरोबर स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि आल्यावर सगळ्या मजल्यांना तीनशे फोटो दाखवले. त्यात काकू नसलेला एकच फोटो होता: लांडवासरचा पूल. 1902 सालचा, दगडी कमानींचा, वळणावरचा. लाल गाडी पूल ओलांडते आणि थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. "याला म्हणतात पूल," काका म्हणाले होते. "65 मीटर उंच. आपल्याकडे असं काही होणं शक्य नाही."

मी म्हटलं, "काका, आपल्याकडे 64 मीटरचा आहे."

"बघा," काका म्हणाले, "एक मीटर कमीच."

एक मीटर म्हणजे किती, तर घरातल्या ओट्याहून जरासा जास्त. तेवढ्यासाठी माणशी अडीच लाख! आणि लांबी बघाल तर लांडवासर 136 मीटर, पानवल 424, म्हणजे तिपटीहून जास्त. हॅरी पॉटरच्या सिनेमात जादूची आगगाडी ज्या पुलावरून जाते तो स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन पूल साधारण 30 मीटरचा आहे, आपल्या निम्म्यानेही नाही. तिथे जगभरातून माणसं फोटो काढायला येतात. पानवलच्या पुलावरून रोज किती गाड्या जातात, आणि त्यातला एकही प्रवासी जादू झाल्यासारखा चेहरा करत नाही. कारण तो वडा खात असतो.

तर त्या जादूसाठी मी पनवेलहून मध्यरात्रीची कोकणकन्या पकडली. पानवलला जायला आधी पनवेलला जावं लागतं हा योगायोग मला महाग पडला. गाडीत बसल्यावर बायकोला मेसेज केला, "पनवेलहून निघालो." पहाटे करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटर लांब, त्यामुळे मोबाइलची रेंज गेली आणि मला जाग आली. रत्नागिरीला उतरलो, चहा प्यालो, रिक्षा केली आणि उजाडल्यावर पोचून लिहिलं, "पानवलला पोचलो." मोबाइलला स्वतःची अक्कल असते. त्याने ते गुपचूप "पनवेलला पोचलो" केलं. लगेच उत्तर आलं, "रात्रभर कुठे होतात?"

रिक्षावाल्याशी झालेला संवादही नोंदवण्यासारखा आहे.

"पुलाजवळ जायचंय."

"कुठच्या पुलाजवळ?"

"रेल्वेच्या. उंच आहे तो."

"त्याच्याखाली काय हाय?"

"काही नाही. पूलच बघायचाय."

"पूल बघायला आलाव?" त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "गणपतीपुळं करा, मग थिबा पॅलेस दाखवतो. पॅकेज करून देतो." मी पुलावर ठाम राहिलो, तेव्हा त्याने भाडं वीस रुपयांनी वाढवलं. वेड्या माणसाबरोबर जाण्याची जोखीम असते.

पूल दिसला आणि सगळं विसरलो. हिरव्या दरीतून करडे खांब सरळ वर गेलेले, इतके वर की मान मागे टाकताना रेनकोटची टोपी पडली आणि पाऊस कॉलरमधून थेट कमरेपर्यंत गेला. खांबांच्या माथ्यावर एक सरळ रेघ. कमानी नाहीत, नक्षी नाही. लांडवासरला लग्नातल्यासारखं नटवलंय. हा आपला कोकणातला माणूस, कामापुरतं बोलणारा.

ट्रायपॉड लावला आणि दहा मिनिटांत छत्री घेतलेले एक आजोबा बांधावर येऊन उभे राहिले. कोकणात ट्रायपॉड लावला की दहा मिनिटांत कोणीतरी येतंच. तिथे तीन पायांच्या वस्तूचा एकच अर्थ होतो.

"काय मोजताव?"

"मोजत नाही आजोबा. फोटो काढतोय."

"हायवेची मोजनी?"

"नाही हो. हायवेचा काही संबंध नाही."

"मग परत कशाला मोजताव?"

मी कॅमेरा काढून दाखवला, त्यातले जुने फोटो दाखवले. त्यात बेलापूरच्या मेट्रोचे शंभरेक होते. ती आमची घरची तालीम. 2023 च्या नोव्हेंबरात मेट्रो सुरू झाल्यापासून मी दर पावसाळ्यात ती खांबांवरून जाताना टिपतो. मागे हिरवा डोंगर येईल असा कोन साधला की पुलावरच्या गाडीचा भास होतो, फक्त खालचं पाणीपुरीचं दुकान कापावं लागतं. आजोबांनी फोटो बघितले. "तीनच डबं?" एवढंच म्हणाले. पण त्यांचा संशय फिटला असावा, कारण ते बांधावर बसले आणि बोलायला लागले.

हा पूल बांधताना ते रोज बघायला यायचे. "सगळा एका बाजूनं ढकलत आनला. सोऱ्यातनं शेव काढतात ना, तशी." मी आजवर या तंत्रावर बरंच वाचलं होतं, पण इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. 64 मीटर उंचीवर परांची बांधून गर्डर ओतणं कठीण, क्रेनने उचलणं कठीण. मग दरीच्या कडेला जमिनीवरच काँक्रीटच्या पोकळ गर्डरचा एक तुकडा ओतायचा, जॅक लावून तो दरीच्या दिशेने ढकलायचा, मोकळ्या झालेल्या जागेत त्याला जोडून पुढचा तुकडा ओतायचा, पुन्हा दोन्ही ढकलायचे. गर्डरच्या तोंडाशी पोलादी नाक बसवलेलं असतं, ते पुढच्या खांबावर आधी टेकतं. असं करत करत पूल स्वतःच दरी ओलांडतो. इन्क्रिमेंटल लाँचिंग म्हणतात. भारतात हे पहिल्यांदा इथे झालं. दिवाळीच्या आठ दिवस आधी आपल्या घरात जे चालतं तेच, फक्त कढईच्या जागी दरी आणि शेव तुटली तर झाऱ्याने काढता येत नाही.

"तुम्ही ह्या पुलावरनं गेलाव कधी?" आजोबांनी विचारलं.

"वीस-पंचवीस वेळा तरी. गोव्याला जाताना."

"मग काय दिसलं?"

खरं सांगायची वेळ आली होती. कोकणकन्या इथून जाते तेव्हा मी घोरत असतो. मांडवीने गेलो तर तोंडात काहीतरी असतं. आणि जागा असलो तरी पुलावरच्या माणसाला पूल दिसत नाही. खिडकीतून दरी दिसते, ती बघून "अरे" म्हणेपर्यंत पुन्हा डोंगर. फोटो काढायचा तर गाडीतून उतरून खाली यावं लागतं, आणि खाली आलो की गाडी वरून निघून जाते.

कोणी म्हणेल, रुळांच्या कडेला उभं राहून काढावा. अजिबात नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे रुळांच्या हद्दीत विनापरवाना शिरलात तर हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जुलै 2023 मध्ये दूधसागर धबधब्यापाशी रुळांवर उतरलेल्या पर्यटकांना तिथेच उठाबशा काढायला लावल्या होत्या. आपला फोटो काढायला गेलेल्यांचे फोटो देशभर फिरले. माझ्या वयात उठाबशा हीच कैद आहे. मी शेताच्या बांधावर उभा होतो, आजोबांच्या परवानगीने.

आता या फोटोची खरी अडचण सांगतो. कोकणातल्या लांब गाडीला बावीसेक डबे असतात. एक डबा साधारण 24 मीटर, म्हणजे इंजिनासकट गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास. पूल 424 मीटर. गाडी पुलावर मावत नाही! डोकं घेतलं तर शेपूट बाहेर, शेपूट घेतलं तर डोकं पलीकडे डोंगराआड. अख्खी गाडी अख्ख्या पुलावर असा फोटो काढायचा तर एकच उपाय, वंदे भारत. मुंबई-मडगाव वंदे भारत जून 2023 मध्ये सुरू झाली ती आठ डब्यांची, पुलाच्या मधोमध अलगद बसणारी. मी तिच्यासाठीच आलो होतो. साडेदहा वाजता आजोबांना तसं सांगितलं.

"आज रविवार ना?" आजोबा म्हणाले. "पावसात ती गाडी येक दिवस जाते, येक दिवस येते. रविवारी नसते."

मी नोकरदार माणूस, मला रविवारीच सुट्टी. तीही नोकरदार निघाली.

मग आम्ही दोघं बसून राहिलो. आजोबांना गाड्या आवाजावरून ओळखू येतात. पूर्वी सोपं होतं, म्हणाले, डिझेलचं इंजिन डोंगरापलीकडून सांगत यायचं. जून 2022 मध्ये संपूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण झालं, आणि तेव्हापासून बहुतेक गाड्या चोरासारख्या येतात. फोटोवाल्यांचं दुःख वेगळं. पुलाच्या त्या स्वच्छ रेघेवर आता विजेच्या खांबांची रांग आणि तारा आहेत, जुन्या फोटोंतली गाडी आकाशाला लागून जायची ती आता दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसते. रेल्वेने माझ्या फोटोसाठी डिझेल जाळावं असं माझं म्हणणं नाही. पण हळहळ वाटायला पैसे पडत नाहीत.

पाऊस वाढला. धो धो पडला की गाड्यांना ताशी 40 किलोमीटरच्या वर जायची परवानगी नसते, म्हणजे गाडी पुलावर पुरेसा वेळ दिसणार. मी खूश. लेन्सवर वाफ धरली, ती पुसली, पुन्हा धरली. कॅमेऱ्यावर कॅरीबॅग गुंडाळली, बंदी येण्यापूर्वीची, जपून ठेवलेली. एक रो-रो गेली, वाघिणींवर ट्रक चढवून नेतात ती. ट्रकचे ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये, एकाने तर कट्ट्यावर बसावं तसे पाय बाहेर सोडले होते. 64 मीटर उंचीवरून ट्रक चालले होते आणि एकाचंही चाक फिरत नव्हतं. हा जन्माचा फोटो होता. त्या क्षणी मी चष्मा पुसत होतो.

आणि मग आजोबा उठून उभे राहिले. "मांडवी," म्हणाले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बोगद्याकडून इंजिनाचा दिवा दिसला. पावसाच्या पडद्यामागून गाडी पुलावर आली, सावकाश, एकामागून एक डबे, खाली हिरवी दरी, खांबांच्या मध्ये अडकलेला ढगाचा तुकडा. मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. आजोबांनीही माणुसकी दाखवली. माझा कॅमेरा भिजतोय हे बघून त्यांनी आपली छत्री पुढे केली आणि गाडी जवळजवळ निघून जाईपर्यंत तशीच धरून ठेवली, स्वतः भिजत.

"चांगला आला?"

मी पडद्यावर बघितलं. तेवीस फोटो. सगळ्यांत वरच्या अर्ध्या भागात काळी छत्री, तिच्या खाली पुलाचे खांब. गाडी छत्रीच्या मागे. छत्रीची एक काडी मोडलेली होती, ती मात्र सुरेख फोकसमध्ये आली होती.

"एकदम फर्स्ट क्लास," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांनी घरी नेऊन घावणे खायला घातले, मुलाला बाइकवरून स्टेशनला सोडायला लावलं. जाताना विचारलं, "परत मोजायला कवा येनार?"

चोविसावा फोटो मात्र निघाला होता. आजोबांनी छत्री मिटल्यावरचा. त्यात अख्खा पूल आहे आणि उजव्या कडेला, पूल सोडताना, शेवटचे दोन डबे. बायकोने तो मोठा करून बघितला. "अहो, बाकीची गाडी कुठे गेली?"

"गोव्याला."

तोच फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. बराच वेळ कोणीच काही म्हणालं नाही. मग चौथ्या मजल्यावरून अंगठा आला, आणि पाठोपाठ प्रश्न: "सुंदर! पण पनवेलला हा पूल कधी झाला?"

तुम्ही जाणार असाल तर पावसात जा, रुळांपासून लांब राहा आणि गाडीचे वार बघून निघा. कोणी छत्री धरायला आलं तर आधी तिच्याखाली त्यांनाच उभं करा. आणि घरून निघताना गावाचं नाव कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा, पा ठळक अक्षरात.